आठ नंबरच्या खाटेवरची बाटली

ही घटना खरी आहे. ज्याला शंका असेल त्यानं सोलापुरात महेजबीनच्या घरी दुपारी दोनला जाऊन यावं.

याच उन्हाळ्यातली गोष्ट. महेजबीनचा नवरा गौस ट्रक चालवतो. लघवीचा जंतुसंसर्ग अंगावर काढला, तो रक्तात पसरला आणि त्याला दवाखान्यात हलवावं लागलं. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "बाकीची औषधं लागू पडणार नाहीत. आता मेरोपेनम. दर आठ तासांनी. एकही डोस चुकला तर जिवावर बेतेल."

सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.

पावडरच्या बाटल्या खालच्या मेडिकलमधून नातेवाइकांनीच आणायच्या. महेजबीन मुळातच संशयी. भाजीवाल्याचा काटासुद्धा दोनदा बघणारी. दवाखान्यात इंजेक्शनं गायब होतात, असं तिनं ऐकलं होतं. म्हणून ती प्रत्येक बाटलीच्या बुडाला लाल नेलपेंटचा ठिपका लावायची आणि डोस झाला की रिकामी बाटली मागून घ्यायची.

चौथ्या दिवशी दुपारी ती डबा धुऊन आली आणि दारातच थबकली...

खोलीत दोन खाटा. सात नंबरवर गौस. आठ नंबर रिकामी.

गौसचा डोस लावून प्रतिक्षा सिस्टर त्या रिकाम्या खाटेपाशी गेली. तिथल्या छोट्या कपाटावरची भरलेली बाटली उचलून तिनं नखानं वाजवली.

टक्... टक्...

"मावशी, आलंय बरं इंजेक्शन," ती हळूच म्हणाली आणि बाटली होती तिथं ठेवली.

महेजबीननं झडप घातली. बाटली मेरोपेनमचीच! बुडाला ठिपका नव्हता. पण नेलपेंट पुसायला कितीसा वेळ लागतो?

"माझ्या नवऱ्याचं औषध चोरता?"

प्रतिक्षाचा चेहरा पांढराफटक पडला. "भाभी, ती तुमची न्हाय. पाया पडते, तितंच राहू द्या की."

महेजबीन ऐकते कुठली! तिनं अख्खा मजला डोक्यावर घेतला. संध्याकाळपर्यंत प्रतिक्षाची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली.

आणि ती बाटली... महेजबीननं तिला ठिपका लावून दहाच्या डोसला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी, बरोबर दोनला...

टक्... टक्...

आठ नंबरच्या कपाटावर काहीच नव्हतं.

फरशी पुसणारी केराबाई ताडकन उभी राहिली. "हितली बाटली कुटं हाय?"

"लावली की. यांना."

केराबाई मटकन खाली बसली. "आवं, ती मनकर्णाबाईची हुती! दोनच्या डोसची वाट बघत गेली बिचारी. पोरगा बाटली घिऊन आला तवा लई उशीर झालता. तवापास्नं ती तितंच हुती. सिस्टर रोज दोनला वाजवून सांगायची, आलंय म्हणून. मग म्हातारी गप राहायची."

"काहीतरीच!" महेजबीन म्हणाली.

गौस बरा झाला. ताप उतरला, हातातली सुई निघाली, तो घरी आला. महेजबीननं सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी तिसऱ्या दिवशी दुपारी गौस झोपला होता.

टक्... टक्...

तिनं वळून पाहिलं. त्याच्या हातावर टोचल्याची ताजी खूण होती. वर रक्ताचा थेंब.

आधी तिला डासाचा संशय आला. मग गौसचाच. दुसऱ्या दिवशी ती त्याचा हात मांडीवर घेऊनच बसली.

दोन वाजले... तिच्या डोळ्यांदेखत कातडी आत दबली. हळूच. आणि रक्ताचा मणी वर आला.

आपली बाटली ती म्हातारी थेंबाथेंबानं परत नेत होती.

महेजबीन माफी मागायला धावली. प्रतिक्षा नोकरी सोडून गेली होती. मग तिनं नवी बाटली घेतली आणि आठ नंबरवर ठेवून आली. सवयीनं बुडाला ठिपकाही लावला.

काही उपयोग झाला नाही.

आधी ती रिकाम्या बाटल्या मोजायची. सात दिवसांत एकवीस भरल्या होत्या. आता गौसच्या हातावरच्या खुणा मोजते.

बाटली तर एकच घेतली होती...

काल एकविसावी खूण उमटली. आणि संध्याकाळी गौसला पुन्हा थंडी वाजून ताप भरला.