तोंड इकडे कर

ज्यांना भुताच्या गोष्टी रात्रीच्याच लागतात त्यांनी हे वाचू नये.

हे भर दुपारी घडलं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीतून ऊन सरळ कॉटवर पडलेलं असताना. खोटं सांगून या वयात मला काय मिळणार? उलट लेक म्हणते, "आई, हे कुठे लिहू नकोस, लोक हसतील."

हसू देत.

सगळी सुरुवात झाली ती गाणी ऐकायच्या एका डबीपासून.

आमचे हे आयुष्यभर मागावर होते. कापड विणायचा कारखाना. मी तिथेच कांड्या भरायला होते, धोट्यात बसवायच्या दोऱ्याच्या कांड्या. शेडमध्ये असा खडखडाट, की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून आम्ही सगळे आवाज न काढता बोलायचो. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. कागदावरची अक्षरं मी नातवंडं झाल्यावर शिकले. ओठ त्याच्या कितीतरी आधी.

तिथे कोणी 'ऐक' म्हणत नसे. 'तोंड इकडे कर' म्हणायचे.

कारखाना बंद पडला आणि कळलं, ह्यांचे कान गेलेत. मग हळूहळू बोलणंही गेलं. मी ओठांनी बोलून पाहिलं. एकदाच म्हणाले, "ते कारखान्याचं बोलणं घरात नको." आणि मान फिरवली. त्यानंतर दोन वर्षं एक शब्द नाही. चहा हवा असला तर कप पुढे सरकवायचे. एका माणसाशी अख्खा जन्म काढायचा आणि शेवटी कपाशी बोलायचं.

कानाच्या डॉक्टरने मशीनची किंमत सांगितली. मी पदर सावरून उठले. तो म्हणाला, "निदान गाणी तरी कानावर पडू द्या. नाहीतर माणूस आतल्या आत मिटतो."

ह्यांना गाण्यांचं वेड होतंच. म्हटलं, डबी घेऊ. मिटू द्यायचं नाही.

आता एवढीशी वस्तू, पण घेताना नाकी नऊ आले.

लेक म्हणाली, फोनवर ऐकू दे. पण फोनच्या काचेला ह्यांचं बोटच कळत नाही. दोरा झेलून झेलून बोटांची टोकं अशी टणक झालीत, की कितीही दाबा, काच आपली ढिम्म. म्हणजे बटणंच हवीत.

मोबाइलच्या दुकानातला पोरगेला माणूस म्हणाला, "आजी, बटणवाले आता येत नाहीत. तो जमाना गेला."

"मीही त्याच जमान्यातली. अजून आहे ना? दाखव."

"बजेट काय?"

मी सांगितलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी सोनाराकडे खोबरं मागतेय.

पहिला दिला तो बोटभर, शर्टाला अडकवायचा. आवाज इतका बारीक की त्यापेक्षा डास बरा. ह्यांनी कानातून काढून उशीवर ठेवला, मेलेलं झुरळ ठेवावं तसा. परत नेला. दुसरा मोठ्याने वाजणारा. पण कानातली वायर लावायला भोकच नाही. वरची बाई जिन्यातून खाली आली. "तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का हो?" परत नेला. दुकानदार मला लांबून बघूनच उसासा टाकायला लागला.

शेवटी त्याने खालच्या कप्प्यातून एक जाड, राखाडी डबी काढली. बटणं मोठी. वायरचं भोक आहे. आवाज दणदणीत.

"माल पडून आहे. कोणी घेत नाही."

"का घेत नाहीत?"

"दिसायला ठोकळा आहे ना."

"मला काय तिची सोयरीक जमवायचीय? दे."

त्याने जुनी गाणी भरून दिली. मी घरी आले, ह्यांच्या कानात वायर घातली, बटण दाबलं.

ह्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने ओठ हलायला लागले.

मला वाटलं गाणं म्हणतायत. दोन वर्षांनी ते ओठ हलले होते. मी चुलीशी... म्हणजे गॅसशी उभी होते, पदराने डोळे पुसले.

मग सवयीने वाचायला गेले.

गाणं नव्हतं...

"धागा गेला बघ," हे म्हणत होते. आवाज न काढता. "डोळे फुटले काय? माग थांबव आधी."

डोळे आता उघडे होते. दाराजवळच्या कोपऱ्याकडे बघत होते.

तिथे कोणी नव्हतं.

"अहो," मी म्हटलं. ऐकू कसं येणार? मी बघत राहिले. समोरच्याने काहीतरी उत्तर द्यावं, तेवढा वेळ हे थांबले. मग हसले. आणि म्हणाले, "गप रे शिट्ट्या."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

शिट्ट्या ह्यांच्या शेजारच्या मागावर असायचा. दिवसभर शिट्टी वाजवायचा. खडखडाटात कोणाला ऐकू येणार? तो म्हणायचा, "म्हणूनच वाजवतो. सूर चुकला तरी अब्रू जात नाही." एका पाळीत मागाशी उभा होता, तो छातीला हात लावून खाली बसला. मान छातीवर. हाक मारली असेल त्याने. हाकेचा त्या आवाजात काय उपयोग? आणि हे पाठमोरे होते. ओठ दिसले नाहीत. हे वळले तोवर संपलं होतं.

कारखाना बंद व्हायच्या आधीची गोष्ट.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारची पाळी लागायची त्या सुमाराला ओठ सुरू. "काय म्हणतोस? मान वर कर. तोंड दिसत नाही." पुन्हा पुन्हा. "परत बोल. मान वर कर की." चिडायचे, मांडीवर हात आपटायचे.

मला वाटलं, डबीतच काहीतरी आहे. गाण्याच्या आड शेडचा खडखडाट भरला गेलाय आणि त्याने ह्यांचं डोकं भलतीकडे चाललंय. गेले दुकानात.

"आता काय झालं, आजी?"

"यात मागाचा आवाज येतो बहुतेक."

"मागचा? मागच्या गिऱ्हाइकाचा? अहो, सीलबंद दिली होती."

"मागचा नाही रे. मागाचा."

"तेच म्हणतोय मी. मागचा कसा येईल?"

शहाण्याला शब्दाचा मार, पण शब्दच कळला नाही तर? त्याने दोन्ही कानांत वायर घालून गाणं ऐकलं, मान डोलावली, वर म्हणाला, "क्वालिटी मस्त आहे." भांडून मी त्याच्याकडून दुसरी डबी बदलून घेतली. तसलाच ठोकळा.

काही फरक नाही.

आणि एका दुपारी माझं लक्ष डबीवर गेलं. हे कोपऱ्याशी तावातावाने बोलत होते...

डबीचा दिवा बंद होता. चार्जिंग संपलेलं. सकाळपासून लावायची राहिली होती.

मी ह्यांच्या कानातली वायर काढून माझ्या कानात घातली. मला वाटलं खडखडाट येईल, शिट्टी येईल, काहीतरी येईल.

काही नाही.

तसं 'काही नाही' मी कधी ऐकलं नव्हतं. पंखा गेला. रस्ता गेला. कानात बोटं घातली तरी आपलं स्वतःचं घुमतं ना आत... तेही नाही. माझ्या तोंडून "अगं आई" निघालं असावं. मला ते ऐकू आलं नाही.

वायर ओढून काढली. पंखा पुन्हा करकरायला लागला.

हे माझ्याकडे बघत होते. चक्क माझ्याकडे.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, बाबा बोलतायत का काही?"

"बोलतात."

"तुझ्याशी?"

मी म्हटलं, "दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला.

रात्रभर विचार केला. डबी फेकून द्यावी, तर पुन्हा कप सरकवणं नशिबी. ठेवावी, तर माणूस मेलेल्याच्या पाळीवर. शेवटी ठरवलं, बोलायचंच आहे ना, मग माझ्याशी बोला. दुसऱ्या दुपारी कोपऱ्याच्या आणि ह्यांच्या मधे स्टूल टाकून बसले, तोंडासमोर तोंड. ओठांनी म्हटलं, "काय चाललंय? मला सांगा."

ह्यांनी मान फिरवली नाही. उत्तर दिलं.

कसं सांगू किती बरं वाटलं. काय म्हणाले तर म्हणे, "माग."

"माग गेला भंगारात," मी म्हटलं. "कारखाना पाडला. आता तिथे गाड्या उभ्या करतात."

"माग," पुन्हा तेच. हनुवटी माझ्याकडे उडवून. "तोंड इकडे कर."

"केलंय की." मी स्टूल पुढे ओढला.

"तोंड इकडे कर."

"आणखी किती इकडे करू? मांडीवर येऊन बसू?"

असे कितीतरी दिवस. मी पुढे सरकायची, हे चिडायचे. मीही चिडायची. एवढी डोकेफोड करून माणूस बोलता केला, आणि बोलणं काय, तर 'माग' आणि 'तोंड इकडे कर'. एका दुपारी मी वैतागून उठायलाच निघाले होते. ह्यांनी माझं मनगट धरलं.

आणि बोलले...

आवाजात. मोठ्याने. दोन वर्षं ज्यासाठी देवाला कंटाळा आणला होता, तो घोगरा आवाज.

"मागं," हे म्हणाले. "तुझ्या मागं."

ओठांवर अनुस्वार दिसत नाही हो. माग आणि मागं सारखंच दिसतं.

"तोंड तिकडे कर म्हणतोय कधीचा. इकडे नाही, तिकडे. शिट्ट्या तुझ्या कानाशी वाकलाय. माझ्याकडून त्याचे ओठ दिसत नाहीत. तू वळून वाच, काय म्हणतोय ते."

मी वळले नाही.

वळले असते तर मला वाचता आलं असतं. नक्की आलं असतं. म्हणूनच वळले नाही.

मनगट सुटेपर्यंत तशीच बसून राहिले. डाव्या कानाजवळचे केस हलत होते. पंखा उजवीकडे आहे.

तेव्हापासून हे सगळ्यांशी बोलतात. लेक फोनवर रडली. डॉक्टर म्हणाला, बघा, मी सांगितलं नव्हतं का, गाण्यांनी केलं. वरची बाई विचारून गेली, डबी कुठून घेतली, तिच्या सासऱ्यांना हवी आहे. दुकानदार तर मला आता खुर्ची देतो. ज्याला त्याला माझं कौतुक. कोणाला काय सांगायचं?

डबी कपाटात ठेवून दिली आहे. त्याने काही अडलं नाही.

मी आता भिंतीला पाठ लावून बसते. जेवताना, निवडताना, हे लिहितानाही. पाठीमागे सुईला जागा नाही.

तरी हे माझ्याशी बोलतात तेव्हा माझ्या डोळ्यांत बघत नाहीत. जरा बाजूला बघतात. डाव्या कानाजवळ.

त्या कानाने मला हल्ली काही ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतो, वय झालं, आजी.

असेल.