पवनचा डावा दंड

दिवसभर लोकांच्या हातात रिफिलएवढ्या जाड सुया घालणारा पवन, आपल्या दंडात सुई जाणार म्हटल्यावर डायलिसिस विभागाच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनमागे जाऊन बसला. सिस्टर पंचशीलानं त्याला तिथंच गाठलं. हातात फ्लूच्या लशीचा थंड डबा, कपाळावर घामानं चिकटलेली एक बट... पवन सुई विसरला.

"हितं काहून बसलात?"

"पाणी बघतोय."

"काय करतंय पाणी?"

"वाहतंय."

"वाहू द्या. बाही वर करा."

त्यानं उद्याचा वायदा केला. बाकीच्या स्टाफनं दवाखान्याची जुनी रीत पाळली होती — ओळखीच्या सिस्टरकडून दंडावर नुसता कापूस चिकटवून घ्यायचा आणि चहा प्यायचा. पंचशीला नवीन होती. तिच्याकडं सुईशिवाय कापूस मिळत नसे.

दुसऱ्या दिवशी पवनचं डोकं दुखलं. मग त्याचे मामा वारले. पुढच्या आठवड्यात तेच मामा पुन्हा वारले. "लई सोशिक मामा हायेत तुमचे," असं म्हणून तिनं हसू दाबायला डब्याचं झाकण उगाच उघडलं, लावलं. पवनला एवढंच कळलं — लस घेतली, की ही यायची बंद.

हे लिंबागणेश गावच्या भिमाबाईलाही कळलं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत डायलिसिसला बसणारी ही म्हातारी पवनशिवाय कुणाला सुई लावू देत नसे. "इतक्यात टोचून घिऊ नको, लेकरा," तिनंच सल्ला दिला. "आदी तिला इचार, कुठं ऱ्हाती."

पंचशीलानं एकदा हसणं बाजूला ठेवून समजावलं होतं. भिमाबाईला लस दिलीय, पण किडनीच्या पेशंटला ती पुरती लागू पडत नाही. म्हणून जवळच्यांनी घ्यायची. पवननं मान डोलावली. त्याला तिचे डोळे दिसत होते.

मग त्याचं नाक गळायला लागलं. सुट्टी घेतली तर ती येऊन जाईल... म्हणून ताप अंगावर काढून तो कामावर आला. भिमाबाईला सुई लावताना शिंकला. त्याचे हात गुंतलेले, म्हणून भिमाबाईनं पदरानं त्याचं नाक पुसलं.

थोड्याच दिवसांत भिमाबाई फ्लूनं गेली. खुर्चीत चकलांब्याचे माणिकराव आले. ती खुर्ची कुणासाठी रिकामी राहत नाही.

पंचशीला आली तेव्हा पवन पाण्याच्या मशीनमागेच होता.

"माझ्यामुळं गेली का?"

तिनं लशीचा डबा खाली ठेवला. "'न्हाई' असं मला म्हणता येत न्हाई. खोटं बोलले तर बरं वाटंल तुमाला... पण मग तुमच्याकडं बघता येणार न्हाई."

त्यानं बाही वर केली. सुई गेली. कळलंसुद्धा नाही — आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

रक्त थांबलं, तरी कापसावरचं तिचं बोट तसंच होतं.

"एक इचारायचं राहिलं," पवन म्हणाला. "तुमी ऱ्हाता कुठं?"

"मांजरसुंब्याला. भिमाबाईला कवाच सांगितलं होतं मी." ती कापसाकडंच बघत होती. "म्हणली, त्याला सांगायची न्हाई. त्याच्या तोंडानं इचारू दे."

आत माणिकरावांचं मशीन वाजायला लागलं. पवनला जायला हवं होतं. कापूस तिनं अजून सोडला नव्हता.