प्रिंटर चालू असताना

लांज्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून असलेल्या काजूच्या कारखान्यात प्रज्ञेश शिरला तो केवळ पाऊस चुकवण्यासाठी. ऑक्टोबरातले आभाळ; पालीपर्यंत स्वच्छ ऊन आणि पुढच्या वळणावर भरदुपारी दिवा लावावा लागावा, असे. मोटारसायकल पडवीत उभी करून तो हेल्मेट काढतो न काढतो तोच आतून आवाज आला —

"कमलाबाई, पिना काढा!"

आणि भराभर भिंतीवरच्या पिना निघाल्या. संगणक, वजनकाटा, प्रिंटर, इंटरनेटचा राउटर. एका वर्षी विजेने शेजारच्या घरातला टीव्ही जाळला, तेव्हापासून गडगडाट ऐकू आला की सगळे मुकाट करून ठेवायचे, हा इथला रिवाज. शेवटची पिन हातात धरून जी तरुणी वळली, तिला दारात एक निथळता माणूस दिसला.

"कोणाकडे आलात?"

"कोणाकडेच नाही… पावसाने आत ढकललं."

ती हसली नाही. पण हसू आवरताना गालावर जी एक बारीक रेघ उमटते, ती उमटली — आणि प्रज्ञेशने ती पाहिली.

तिचे नाव श्रुती. कारखान्याचे कार्यालय ती एकटी सांभाळत असे. पाऊस ओसरला, पिना पुन्हा लागल्या. पण पॅकिंगच्या खोलीतला प्रिंटर संगणकाला ओळख देईना. प्रज्ञेशचा रत्नागिरीत हाच व्यवसाय होता. अशा योगायोगांवर विश्वास ठेवू नये, असे माझेही मत आहे. परंतु ज्या भागात यंत्रे दुरुस्त करणारे मोजकेच, तिथे त्यांच्यातला एक कधी ना कधी आपल्या पडवीत भिजत उभा राहणार, हे तर्काला धरूनच आहे. त्याने खांद्यावरची औजारांची पिशवी उतरवली, संगणकात काही आकडे बदलले, आणि प्रिंटरने घरघरत पहिले लेबल बाहेर टाकले.

पुढल्या गडगडाटानंतर प्रिंटर पुन्हा रुसला. श्रुतीने फोन केला. तो आला. मग पुन्हा वीज, पुन्हा फोन.

"वीज तुमच्या ओळखीची दिसते," श्रुती म्हणाली.

"ओळख तुमची. मला फक्त निरोप येतो."

"निरोप मिळाल्यावर फार लवकर पोचता हो! रत्नागिरीत दुसरी कामं नाहीत वाटतं?"

"आहेत की. पण तिथला चहा असा नसतो."

"चहा कमलाबाई करतात. त्यांना सांगू का?"

कमलाबाई काजूगर निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "माका कशाला सांगतंस गो बाय? ह्यो रत्नांग्रीचो पोर माझ्या चायसाठी येता, ह्या माका खरा वाटात होय?"

प्रज्ञेश प्रिंटरच्या मागे वाकला. त्याचे कान मात्र मागे दडण्याजोगे नव्हते, आणि ते लाल झाले होते.

दिवाळी जवळ आली. भेटीच्या खोक्यांची मागणी कोल्हापूरहून आली होती. बायकांनी खोके भरून, रचून ठेवले. फक्त लेबले लावायची होती. सकाळीच ढग गडगडले, पिना निघाल्या, लागल्या आणि प्रिंटर गप्प. श्रुतीने फोन केला तेव्हा प्रज्ञेश चिपळूणच्या वाटेवर होता. तो येईल या आशेवर ट्रक लेबलांवाचून थांबला, आणि मग थांबता येईना म्हणून रिकामा निघून गेला. रचलेले खोके बायकांनी एकेक करून पुन्हा आत नेले. कोणी काही बोलले नाही. श्रुतीला ते न बोलणेच अधिक लागले.

प्रज्ञेश आला तेव्हा ती संगणकापुढे बसली होती.

"आज दुरुस्त करू नका," ती म्हणाली. "आज समजावून सांगा. हे का होतं?"

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "लग्नाची पंगत समजा. राउटर हा यजमान. जो आधी येईल त्याला तो पुढचं रिकामं पान देतो. तुम्ही पिना काढल्या की पंगत उठते. लावल्या की नव्याने बसते. काल प्रिंटर तिसऱ्या पानावर होता. आज त्याच्या आधी कमलाबाईंचा मोबाइल जोडला गेला, तो तिथे बसला. संगणक बिचारा अजून तिसऱ्याच पानावर वाढतोय."

"आणि तुम्ही येऊन संगणकाला नवं पान दाखवता."

"हो."

श्रुती विचारात पडली. बाहेर पागोळ्यांचा आवाज चालू होता.

"पंगतीत नवऱ्या मुलाचं पान आधीच राखून ठेवतात," ती सावकाश म्हणाली. "रांगोळी काढून. तो कितीही उशिरा येवो, तिथे दुसरं कोणी बसत नाही. प्रिंटरचं तसं राखता येत नाही?"



"…येतं."

"फार अवघड असतं?"

"चहा निवण्याआधी होतं."

"मग आजवर का नाही केलंत?"

तो टेबलावरच्या कपाकडे पाहत राहिला; आणि ज्याला काही समजायचे होते त्याला ते समजले.

"तुम्हाला इथे यावंसं वाटत होतं, याचं मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही," श्रुती म्हणाली. "खोटं होईल ते. पण मघाशी बायकांनी भरलेले खोके परत आत नेले. स्वतःच्या मनातली गोष्ट बोलण्यासाठी ज्याला दुसऱ्याचं काम अडलेलं लागतं… त्या मनावर मी कशी विसंबू?"

यावर युक्तिवाद शक्य होता. वीज काही त्याने पाडली नव्हती, ट्रकही त्याने हाकलला नव्हता. परंतु जे उत्तर आपल्याला वाचवते आणि समोरच्याला एकटे पाडते ते देऊ नये, एवढे शहाणपण प्रज्ञेशजवळ होते.

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "इकडे बसा. आज मी हात लावणार नाही, तुम्हीच करा."

त्याने तिला प्रिंटरमधून नेटवर्कचा कागद काढायला लावला. त्यावर प्रिंटरची जन्मखूण होती, पिना कितीही निघाल्या तरी न बदलणारी. संगणकावर राउटरचे पान उघडून तिने ती खूण लिहिली, तिच्यासमोर एक आकडा कायमचा राखला, आणि संगणकालाही तोच आकडा सांगितला. प्रिंटर घरघरला. लेबले सरसर येऊ लागली.

"आता राउटरचा पासवर्ड बदला," तो तोंड फिरवून उभा राहिला. "मला सांगू नका."

"का?"

"म्हणजे यापुढे या कामासाठी माझी गरज लागणार नाही."

तो निघून गेला. कपातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ट्रक पुन्हा आला, आणि खोके कोल्हापूरला गेले.

दिवाळी झाली. एके दुपारी, जाता जाता विसरलेले काही सांगायला परतावा तसा, पाऊस पुन्हा एकदा गडगडत आला. कमलाबाईंनी पिना ओढल्या. पाऊस गेल्यावर त्या पुन्हा लावताना श्रुतीने मुद्दाम मोबाइल आधी जोडला, संगणक मग, आणि प्रिंटर सर्वांत शेवटी. मग एक लेबल पाठवले.

ते निघाले. सरळ, स्वच्छ, निमूटपणे.

हातात ते ऊन ऊन लेबल धरून ती बराच वेळ उभी होती. प्रज्ञेशने मुद्दाम काहीच अर्धवट ठेवले नव्हते. तिला आपली गरज उरू नये म्हणून एका माणसाने आपली येण्याची वाट स्वतःच्या हाताने बुजवली होती. आणि जो असे करू शकतो त्याच्यावर विसंबायचे नाही तर कोणावर?

"उबी काय ऱ्हवलंस? लाव फोन," कमलाबाई म्हणाल्या.

पलीकडून प्रज्ञेशचा आवाज धास्तावलेला आला. "काय झालं? बंद पडला? आकडा राखला होता ना नीट? मी निघतो —"

"चालू आहे. छान चालतोय."

"…मग?"

"म्हणून तर फोन केला."

 पडवीत वळचणीचे पाणी ठिबकत होते.

"श्रुती… मी येऊ?"

"ये," ती म्हणाली. "पण ती औजारांची पिशवी घरी ठेवून ये."

ऊन उतरता उतरता मोटारसायकल पडवीत थांबली. आभाळ निरभ्र होते; आत शिरायला त्याच्याजवळ पावसाचेदेखील निमित्त नव्हते. मोकळ्या खांद्याचा प्रज्ञेश दारात उभा राहिला. रिकाम्या हातांचे काय करावे हे न कळून त्याने ते आधी मागे बांधले, मग पुढे घेतले…

श्रुतीने त्यांत चहाचा कप दिला.

"आज मी केलाय," ती म्हणाली. "निवू देऊ नकोस."