सहा बटणं आणि सात आज्या

खुडबुड म्हणाला सात आणि पडदा म्हणत होता सहा. दोघांपैकी कोणीतरी चुकत होतं, आणि तो खुडबुडच असणार याबद्दल कस्तुरीला शंका नव्हती.

खुडबुड हा तिच्या आजोबांचा यंत्रमानव. २०५७ सालीही जुन्या डीव्हीडी वाचू शकणारे जे थोडे उरले होते, त्यांतला एक. कस्तुरी सहावीची सुट्टी घालवायला अलिबागला आली होती. तिचे आजोबा, डॉ. विश्राम धामणकर, भाताचे शास्त्रज्ञ. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी खाडीकाठच्या एका गावात खाऱ्या जमिनीत भात पिकवणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं होतं आणि त्याची डीव्हीडी बनवली होती. आता समुद्र चढत चालला होता, शेतं खारट होत होती आणि त्या भागातल्या शाळांना ती माहिती हवी होती. म्हणून सगळं नव्या काचचकतीवर (हजार वर्षं टिकणाऱ्या काचेच्या तबकडीवर) उतरवायचं होतं.

डीव्हीडी लावली की आधी मेनू (काय पाहायचं ते निवडण्याची यादी) यायचा. सोनेरी महिरप, भाताच्या लोंब्या आणि सहा आज्यांच्या नावांची सहा बटणं. कस्तुरीने सहाही दाबून पाहिली. प्रत्येक आजी बोलायची, संपलं की पुन्हा मेनू. खुडबुड मात्र मेनूच्या नादी लागत नव्हता. तो लेसर किरणाने चकतीवरचे बारीक ठसे थेट वाचत होता आणि सात चित्रफिती आहेत म्हणून अडून बसला होता.

कस्तुरीने आजोबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, खुडबुड बरोबर आहे.

त्यांनी कागद ओढला आणि समजावून सांगितलं. मेनू म्हणजे नुसतं चित्र नव्हे, त्यात तीन गोष्टी असतात. तळाला पार्श्वचित्र, म्हणजे ती महिरप. त्यावर एक पारदर्शक थर, जो निवडलेलं बटण उजळवतो. आणि प्रत्येक बटणामागे एक आज्ञा (यंत्राला दिलेली सूचना): ‘तिसऱ्या चित्रफितीकडे जा.’ शिवाय प्रत्येक चित्रफितीच्या शेवटीही एक आज्ञा असते, इथून पुढे कुठे जायचं ती. एखाद्या फितीकडे नेणारी एकही आज्ञा नसेल, तर ती चकतीवर असूनही बघणाऱ्याला कधीच सापडत नाही.

‘‘मग तुम्ही सातवं बटण का नाही केलं?’’ कस्तुरीने विचारलं.

इथे आजोबांना स्वतःची फजिती सांगावी लागली. चकती रचण्यासाठी तेव्हा दोन सॉफ्टवेअर त्यांच्यासमोर होती. एक दिसायला रूक्ष. त्यात बटणं हवी तिथे ठेवता यायची, आज्ञा स्वतः लिहिता यायच्या, पण शिकायला आठवडा लागणार होता. दुसऱ्यात तयार साचे होते. चित्रफिती टाका, महिरप निवडा, तासाभरात डीव्हीडी तयार. आजोबा महिरपीला भुलले. दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं. त्यातून शास्त्रज्ञही सुटत नाहीत.

पाच चित्रफिती होत्या, मग सहा झाल्या आणि शेवटच्या दिवशी धर्मीबाय आल्या. त्या शेतातलं पाणी जिभेवर घेऊन खारटपणा ओळखायच्या आणि पेरणीचा दिवस सांगायच्या. त्यांच्याइतकं नेमकं गावात कोणालाच जमत नव्हतं. पण साच्यात सहाच बटणांची जागा होती. खरं तर डीव्हीडीच्या एका पानावर छत्तीस बटणं मावतात. सहाची मर्यादा त्या साच्याची होती, चकतीची नव्हती. तरुण विश्रामने सातवी फीत सहावीच्या मागे नुसती जोडून दिली. सहावी संपली की सातवी आपोआप लागेल, असं त्याने गृहीत धरलं. साच्याने मात्र प्रत्येक फितीच्या शेवटी ‘मेनूकडे परत’ हीच आज्ञा लिहिली होती आणि ती बदलायची सोयच नव्हती. विश्रामने पहिलं बटण तेवढं दाबून पाहिलं आणि पन्नास चकत्या काढल्या. त्या चकत्यांवर एकदाच लिहिता यायचं.

गावच्या शाळेत डीव्हीडी लागली. सहा जणी दिसल्या. आपण त्या डीव्हीडीवर आहोत, असं धर्मीबायंना विश्रामनेच सांगितलं होतं. त्या पुढच्या तीन शनिवारी शाळेत गेल्या आणि गुरुजींना एकेक बटण दाबायला लावून बघत बसल्या. चौथ्या शनिवारी विश्राम भेटला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘बाला, तू म्हंतस मी आत हाय. मंग मना बाहेर कोन काढील?’’

त्या रूक्ष सॉफ्टवेअरने नवी चकती करतो, असं तो म्हणाला. मग दुसरं काम निघालं, मग बदली झाली. दोन वर्षांनी त्या वारल्या. कॅमेऱ्यातल्या मूळ फितींना बुरशी लागली. एवढ्या वर्षांत ही चकती उघडायचा आजोबांना धीर झाला नव्हता.

‘‘मला येत नव्हतं असं नाही,’’ आजोबा म्हणाले. ‘‘मी केलं नाही. त्यांना वाटलं असेल, मी मुद्दाम वगळलं.’’

सकाळीच कस्तुरीने काचचकतीसाठी एक सॉफ्टवेअर पसंत केलं होतं, मोरपिसं हलणाऱ्या साच्यांचं. ते तिने गुपचूप बंद केलं. खुडबुडकडून तिने दुसरं मागितलं, ज्यात आज्ञा स्वतः लिहिता येतात. दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिचा मेनू तयार झाला. महिरप नव्हती. नावांची सात बटणं होती, सातवी फीत संपल्यावर पहिलीकडे नेणारी आज्ञा होती आणि आणखी कोणी बोलणारं सापडलं तर दुसऱ्या पानाचीही सोय होती. काचेवर लिहिण्याआधी तिने एकेक बटण दाबून तपासलं.

सातवं दाबायला तिने आजोबांना बोलावलं.

पडद्यावर धर्मीबाय आल्या. बांधावर उकिडव्या बसून त्यांनी ओंजळीतलं पाणी चाखलं, थुंकलं आणि अजून आठ दिवस थांबा म्हणून सांगितलं. वीस मिनिटं त्या बोलत होत्या. शेवटी कॅमेऱ्यामागे बघून त्यांनी विचारलं, ‘‘सगलं आलं ना, बाला? का परत सांगू?’’

आणि कॅमेऱ्यामागून एक तरुण आवाज हसत म्हणाला, ‘‘सगळं आलं, आजी. आता सगळे बघतील.’’

आजोबांनी चष्मा काढला. आपला आवाज त्यांनी लगेच ओळखला होता. थोड्या वेळाने त्यांनी कस्तुरीला सांगितलं, की चकती टपालाने पाठवायची नाही. धर्मीबायंची पणती त्याच गावच्या शाळेत शिकवते. आपण दोघं सोमवारी जाऊ, चकती तिच्या हातात देऊ, आणि चूक कोणाची होती ते मीच वर्गापुढे उभा राहून सांगेन.