अर्ध्यावर थांबलेली फाईल

"माझ्या नवऱ्याच्या हातून माणूस गेला, असं सगळे म्हणतात," बाई म्हणाली. "तेही तेच म्हणतात. खरं आहे का, एवढंच मला शोधून द्या."

वहिनींनी खुर्ची पुढे केली. खासगी तपासात त्यांचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. त्यांचे दीर विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासोबत फिरत. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच भाऊजी म्हणत.

बाईचा नवरा रुग्णालयात नेटवर्क इंजिनियर होता. वरच्या मजल्यावरचा स्विच अपग्रेड करताना बंद पडला आणि त्याच वेळी एक म्हातारे गृहस्थ दगावले.

"बटण बंद पडलं म्हणून माणूस जातो?" भाऊजींनी विचारलं.

"बटण नव्हे, भाऊजी. सगळ्या खोल्यांच्या तारा जिथे येतात ती पेटी."

"आता ते जेवत नाहीत, बोलत नाहीत," बाई म्हणाली. "नुसते भिंतीकडे बघत बसतात."

रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने फार वेळ दिला नाही. "चुकीची फाईल टाकली, वर घाईने रीस्टार्ट दिला. माणूस स्वतः कबूल करतोय. यात तपास कसला?"

"अपग्रेड भर दुपारी करायला कोणी सांगितलं?"

व्यवस्थापकाने टेबलावरचा पेपरवेट सरकवला. "मी. पण बिघडवायला नव्हतं सांगितलं."

पेटीचं कपाट वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्यांच्या खोलीच्या दाराला लागून होतं. कडी तुटलेली. आत बॅटरीवर चालणारी सॉकेटची एकच पट्टी आणि तिच्यात दोन प्लग होते. एक आता बसवलेल्या नव्या पेटीचा, दुसरा व्हरांड्यातल्या फोनचा. वहिनींनी दोन्ही वायरी हाताने चाचपून पाहिल्या.

मुख्य परिचारिका रागावलेली होती, पण तिचा राग इंजिनियरवर नव्हता. "त्या दिवशी मजल्यावरचा एसी बंद होता. खिडक्या कायमच्या बंद, पेशंट नुसते भाजत होते. त्यात माझ्या टेबलावरचे सगळे स्क्रीन काळे पडले. मी व्हरांड्यातल्या फोनवरून इंजिनियरला बोलावलं आणि लगेच टोकाच्या खोलीपासून एकेकाला बघत निघाले. त्या आजोबांची खोली शेवटची."

"खोलीतलं यंत्र ओरडत नाही?"

"पेशंटला झोप लागावी म्हणून तिथला आवाज बंद ठेवतो. घंटा वाजते ती माझ्या टेबलावर."

"आणि नातेवाईक?"

"त्यांच्याशी रोजचीच झकाझकी. घरून किटली आणतात, पंखा आणतात. खोलीत सॉकेट दोनच, दोन्ही यंत्रांना लागतात. दिसलं की मी सगळं खाली पाठवते."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "व्यवस्थापकच. स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारतोय."

वहिनी रिक्षाला हात करत होत्या.

म्हाताऱ्यांच्या मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. तक्रार त्यानेच केली होती. बोलताना तो काच घासत होता, पण ती काच केव्हाच घासून झाली होती.

"मी शेजारीच बसलो होतो," तो म्हणाला. "आधी फार तळमळत होते. मग वारा लागला, चेहरा निवला. मला वाटलं, झोपले. मी जागचा हललोसुद्धा नाही, झोपमोड होईल म्हणून." त्याने काच खाली ठेवली. "त्या इंजिनियरला मी सोडणार नाही."

जाताना वहिनी एकदा थांबल्या, मागे वळून दुकानाकडे पाहिलं आणि मग चालू लागल्या. भाऊजींना ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुनी पेटी तळमजल्याच्या कोठीतून काढली. इंजिनियरला बायकोने हाताला धरून आणलं. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं.

"ही आता उठायची नाही," तो म्हणाला.

"न उठू दे. आत काय आहे ते तरी दाखवा. फाईल पूर्ण गेली होती का?"

"अर्धी गेल्याचं आठवतं. मग पेटी गप्प झाली. रीस्टार्ट मी दिला की नाही, खरंच आठवत नाही. धावत वर गेलो तेव्हा नुसता एक पिवळा दिवा लुकलुकत होता. जागा कमी म्हणून जुनी फाईल मी आधीच पुसली होती. ती ठेवली असती तर पेटी तिच्यावर उभी राहिली असती."

त्याने पेटीला केबल लावून लॅपटॉप जोडला. काळ्या पडद्यावर काही ओळी आल्या. पेटी जिवंत होती, पण चालवणारं काही नसल्यामुळे दारातच थांबली होती. इंजिनियरने आतली फाईल पाहिली आणि तिचा आकार दोनदा वाचला.

"अर्धीच आहे."

"आता तीच फाईल पुन्हा, पूर्ण पाठवा."

त्या बारीक केबलमधून फाईल थेंब थेंब गळल्यासारखी जात होती. भाऊजींनी दोनदा चहा आणला. इंजिनियरने कपाला हात लावला नाही. सरतेशेवटी पेटीतले पंखे घुरघुरले, दिवे एकामागून एक हिरवे झाले. इतर कुणी असता तर हसला असता. तो म्हणाला, "चालली. आता काय उपयोग?"

वहिनींनी चष्मेवाल्यासकट सगळ्यांना वरच्या व्हरांड्यात बोलावलं. इंजिनियरची बायको खालीच थांबली.

"फाईल चुकीची नव्हती," वहिनी म्हणाल्या. "तीच फाईल पूर्ण गेली तेव्हा पेटी चालली. घाईचा रीस्टार्टही नव्हता. फाईल जात असताना पेटी दुसरा हुकूम घेत नाही."

"मग तार निसटली असेल," व्यवस्थापक म्हणाला.

"तार निसटली असती तर फाईल अर्धी राहिली असती, पण चालू असलेली पेटी चालतच राहिली असती; पुसलेली जुनी फाईल तिला नव्याने सुरू होतानाच लागते. ती बंद पडली, म्हणजे तिची वीज गेली. वीज पट्टीची गेली नव्हती, कारण त्याच पट्टीवरच्या फोनवरून सिस्टर बोलल्या. म्हणजे एकच प्लग निघाला. इंजिनियर वर आले तेव्हा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तो परत बसलाही होता."

"पण काढला कोणी?" भाऊजींनी विचारलं.

वहिनींचा आवाज खाली आला. "एसी बंद, खिडक्या बंद, खोलीतले सॉकेट भरलेले. तरी आजोबांना वारा लागला. तो कुठून आला, दादा?"

चष्मेवाल्याने आधी परिचारिकेकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"टेबलफॅन होता," तो म्हणाला. "लपवून आणला होता. वायर कपाटापर्यंत पुरत होती. तिथला एक प्लग काढला, कसला तरी चार्जर असेल असं वाटलं. सिस्टरची चाहूल लागली, तेव्हा परत लावून टाकला." तो थांबला. "बाबा घामाने भिजले होते हो."

व्यवस्थापक घड्याळ बघत निघून गेला.

"म्हणजे मीच," चष्मेवाला म्हणाला. "तक्रार मागे घेतो मी."

"घंटा वाजली असती तरी वाचले असते की नाही, सांगता येत नाही," परिचारिका म्हणाली.

"पण तुम्ही आला असतात."

तिने मान खाली घातली. "आले असते."

वहिनी आणि भाऊजी खाली उतरले. इंजिनियरची बायको दाराशी उभी होती.

"सुटले का?"

"सुटले," वहिनी म्हणाल्या. "त्यांची चूक नव्हती."

तिने पदर तोंडाला लावला, जिन्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "मग खाली का येत नाहीत?"

भाऊजी बोलवायला वर गेले. व्हरांड्यातल्या बाकावर ते दोघं शेजारी बसले होते. चष्मेवाला ओणवा होऊन रडत होता. इंजिनियर समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "जुनी फाईल मी पुसायला नको होती."

भाऊजी हाक न मारताच परत फिरले.