बोलक्या डब्याची जागा

"आजपासून मी तपासनीस," असं जाहीर करून प्रोफेसर वॉशरच्या खोक्यावर बसली. शेजारची ही चष्मेवाली मुलगी सुट्टीत रोज नवी पदवी घेत असे. काकांचा मुलगा टिल्ल्या म्हणाला, "तपासनीसबाई, आधी खोकं सोडा, वॉशर मोजायचेत."

सुट्टीत काकांकडे राहायला आलेल्या चिमणीला मात्र थट्टा सुचत नव्हती. सकाळीच काकू म्हणाली होती, "पितळी नळ गेले सहा, पैसे आले चारांचे. असंच चाललं तर दुकान विकून टाकू."

काकांना दिसत नसे. पण बोटांनी चाचपून ते स्क्रूचा नंबर सांगत आणि हार्डवेअरचं अख्खं दुकान एकटे चालवत. पूर्वी लोक लहान नोट हातात ठेवून मोठी असल्याचं सांगत. मग मोबाइलने पैसे घेणं सुरू झालं आणि काउंटरवर बोलका डबा आला. पैसे जमा झाले की तो मोठ्याने रक्कम सांगे. "नोट ओळखायला आता कुणाची मनधरणी नको," असं काका अभिमानाने म्हणत. दुकान गेलं तर ते दिवसभर घरात बसून काय करतील, हाच विचार चिमणीच्या डोक्यात घोळत होता.

तेवढ्यात 'अत्तरसाहेब' आले. दुकानभर वास दरवळे, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. त्यांनी पितळी नळ घेतला आणि डब्याशेजारी मोबाइल धरला.

"चारशे जमा झाले."

काकांनी नळ दिला. साहेब गेले.

"दिवा लागला नाही," चिमणी कुजबुजली. "डबा बोलतो तेव्हा त्याचा हिरवा दिवा लागतो."

"म्हणजे डबा बोललाच नाही," प्रोफेसर म्हणाली. "त्यांनी त्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणलाय."

काकांनी हात झटकला. "माझ्या कानांना कोण फसवणार? आणि किती सभ्य माणूस तो." पण काकूने मोबाइल पाहिला, तर पैसे आलेच नव्हते. काकांचा चेहरा उतरला.

"काका, डब्याचा दोष नाही," चिमणी म्हणाली. "त्याची जागा चुकली. तो गिऱ्हाइकाच्या पुढ्यात असतो, म्हणून दोन्ही आवाज एकाच बाजूने येतात."

टिल्ल्याने स्टूल आणलं. पैसे भरायचा कोड काउंटरवरच राहिला आणि डबा गेला काकांच्या पाठीमागच्या फळीवर, रंगाच्या डब्यांच्या आड.

तिसऱ्या दिवशी पुन्हा अत्तराचा वास आला. मुलं माना खाली घालून स्क्रू निवडत राहिली. साहेबांनी नळ मागितला आणि डबा कुठे आहे हे न पाहताच मोबाइल कोडापुढे धरला.

"चारशे जमा झाले."

नळ पुढे करणारा काकांचा हात थांबला. "साहेब, माझा डबा माझ्या पाठीमागे आहे. समोरून बोलला तो कुणाचा?"

साहेबांनी घाईने मोबाइल खिशात घातला. मागे वळले, तर काकूने आधीच सांगून ठेवलेला कोपऱ्यावरचा वेल्डर दारात उभा होता. साहेबांनी मुकाट्याने आधीच्या तिन्ही नळांचे पैसे भरले. या वेळी आवाज फळीवरून आला आणि रंगाच्या डब्यांआडून हिरवा दिवाही चमकला.

"दुकान विकायचं नाव मी पुन्हा काढणार नाही," काकू म्हणाली. "कार्ट्यांनो, एवढं डोकं अभ्यासात का चालत नाही?"

काकांनी तिघांची पाठ थोपटली. "दिवा तुम्ही पाहिलात, शाबास. मला तो कधीच दिसला नसता." मग ते मिश्कील हसले. "पण चोर मी पकडला, हे सगळ्यांना सांगा हं."