चौथी फीत

पांडेसऱ्याच्या त्या चाळीत स्पीकर फाटला की लोक बाजारात जात नसत, इंदुबाईकडे येत. तिचा नवरा, दगा त्याचं नाव, कपडा रंगवायच्या मिलमध्ये छाती पोखरून गेला. मागे राहिली त्याची हत्यारांची पेटी. बाकीचं ती आपलं आपण शिकली. "हे बाईमाणसाचं काम नाही," असं कुणी म्हटलंच तर ती म्हणे, "मग बाईमाणसानं वाजता केलेला ऐकू नको."

शहरात प्लेग येऊन गेला त्यानंतरचा दुसरा श्रावण, कानबाई देवी बसवायचे दिवस. गुरुवारी चाळीतला भाईदास बारा इंची स्पीकर घेऊन आला.

"मावशी, रविवारले कानबाई शे. हाऊ नही वाजना ते बाया मना जीव लेतीन."

"लेवासारखा जीव शे का तुना? ठेव तठे."

कंबर दुखत होती, डोळ्यांत झोप होती. आत खाटेवर योगेंद्र खोकत होता. पोरगा बापाच्याच मिलमध्ये, बापाच्याच खात्यात. आणि खोकलाही आता बापाचाच निघाला होता. एवढा एक जीव राहिला होता तिच्याजवळ.

तिनं फाटका कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, कापून काढला, लोहचुंबकाची फट पुसली, नवा कोन बसवला. कोनाच्या बुडाशी तारेची कॉइल असते. ती फटीतल्या लोखंडाला घासू नये म्हणून चिकटवायचं सोल्युशन वाळेपर्यंत आत चार फिती खोचून ठेवायच्या. फितीला एक्स-रेच्या फिल्मसारखं दुसरं काही नाही. सहा वर्षं ती दगाच्याच एक्स-रेच्या फिती कापत आली होती. "जित्तेपणी घरात काडी हलवी नही," ती म्हणे, "आते तरी कामले ये." त्याही दिवशी तिनं भुऱ्या पाकिटात हात घातला, हाताला आली ती फिल्म ओढली आणि उजेडात न धरताच कात्री चालवली.

शुक्रवारी दुपारी योगेंद्र रातपाळी करून झोपला होता. ती फिती काढायला बसली.

कोन हलत होता.

फिती खोचलेला कोन हलत नाही. आणि याच्या तारांची टोकं तर मोकळीच होती, कशालाच जोडलेली नव्हती. तरी कोन वर येई, थांबे, खाली जाई… वर येई… तिला वाटलं, जागरणानं डोळे फिरले. तिनं एक फीत ओढली. दुसरी. तिसरी. चौथी चिमटीतून सुटली ती सरळ फटीत उतरली.

घासतंय का पाहायला तिनं दोन्ही अंगठ्यांनी कोन दाबला.

आत खाट करकरली. योगेंद्रच्या घशातून घुसमटलेला आवाज आला. तिनं अंगठे उचलले. त्यानं हपकन श्वास घेतला.

"माय… काय करी राहिनी व?"

"काहीच नही, भाऊ. निज."

पुन्हा दाबायची छाती तिला झाली नाही. तिनं कापलेली फिल्म खिडकीशी धरली. कोपऱ्यात वय लिहिलं होतं, सत्तावीस. योगेंद्रची, गेल्या आठवड्यात काढून त्याच पाकिटात ठेवलेली. दगाची उरलेली फिल्म पाकिटात तशीच होती.

अडकलेली फीत काढायची तर कोन फाडावा लागणार. इंदुबाई आयुष्यात कुणाला भ्यायली नव्हती. त्या दुपारी तिनं ब्लेड उचललं, कोनाजवळ नेलं… आणि खाली ठेवलं.

रविवारी सकाळी भाईदास आला. "झाया का मावशी?"

"जळना तो. दुसरा देख."

"अवं, कोन तं नवा दिसस…" त्यानं सवयीनं अंगठा पुढे केला. तिनं त्याच्या मनगटावर असा फटका दिला की तो गुपचूप पायऱ्या उतरला.

स्पीकर तिनं गोधडीत सैल गुंडाळून कपाटावर ठेवला. उंदरांनी तो कुरतडू नये म्हणून चारी बाजूंनी गोळ्या टाकल्या.

सोमवारी कानबाईची मिरवणूक चाळीखालून निघाली. कित्येक महिन्यांनी योगेंद्र हसत उठला, टॉवेल गळ्यात टाकून खाली धावला. तिनं खिडकीतून पाहिलं. तो घामाघूम होऊन नाचत होता, धापा टाकत होता, खोकला मात्र नव्हता. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. बरं झालं म्हातारे, ती स्वतःशी म्हणाली, तुझंच डोकं फिरलं होतं.

ती कपाटाकडे वळली. गोधडीची कड वर येत होती, थांबत होती, खाली जात होती. सावकाश… एकसारखी… खाली धापा टाकणाऱ्यासारखी नाही, गाढ झोपलेल्या माणसासारखी.

खाली ढोल पेटले होते. योगेंद्रनं मान वर करून खिडकीकडे हात हलवला.

इंदुबाईनं हात हलवला नाही. तिनं कपाटापाशी बसायला पाट मांडला आणि खिडकी हळूच लोटून घेतली, आवाजानं कपाटावरचं कुणी जागं होऊ नये म्हणून.